सुट्टीतलं जंगल

११ जुलै

डायरी लिहिणाऱ्यांची मी आयुष्यभर थट्टा केली. ऐकायला माणूस मिळालं नाही की लोक वहीला धरून बसवतात, असं मी वर्गात म्हणायचे आणि वर्ग हसायचा. आज ताईनं ही कोरी वही माझ्या पुढ्यात टाकली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. पस्तीस वर्षं इस्पितळात परिचारिका होती, आता आम्ही दोघी एकत्र राहतो. म्हणाली, "सुनावणीबद्दल जे काय बोलायचंय ते हिच्याशी बोल. हिला कान नाहीत, त्यामुळे दुखणारही नाहीत."

तर, बिनकानाच्या बाई, ऐका.

नदीकाठापासून चढत जाणारं एक सदाहरित जंगल आहे. त्याचा सगळ्यात वरचा भाग, ज्याला आम्ही नुसतं 'माथा' म्हणतो, एका दगडखाणीला हवा आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी त्या माथ्यावर मला केशरी मांड्यांचा एक बेडूक सापडला. खाली नदीकाठी त्याचा तपकिरी भाऊबंद राहतो. मध्ये ना दरी, ना पाणी, एकच उतार. तरीही त्या उतारावर एका जातीच्या दोन जाती झाल्या, हे मी दाखवलं. माझी नोकरी, माझं नाव, पाठ्यपुस्तकातलं अर्धं पान, सगळं त्या बोटाच्या पेराएवढ्या प्राण्यावर उभं आहे. आणि माथाही. जगात दुसरीकडे कुठेच नसलेला प्राणी तिथे राहतो, म्हणून आजवर तिथे कुणाला सुरुंग लावता आला नाही.

खाणीला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीपुढे वीस ऑगस्टला सुनावणी. मी बोलणार. सप्टेंबरअखेर मी निवृत्त. म्हणजे जाता जाता एक शेवटचं भाषण, आणि तेही असं की खाणवाल्यांनी कान धरावेत.

१५ जुलै

भाषणाचा आरंभ जमला. प्रयोगशाळेत तीन वेळा मोठ्यानं म्हणून पाहिला. फळीवरच्या बरण्याही सावरून बसल्या असतील.

दुपारी गोगलगाय दाराशी उभी. ही माझी शेवटची संशोधक विद्यार्थिनी. नाव मीच ठेवलं आणि ते विभागभर झालं. बाकीचे सुट्टीच्या सहा आठवड्यांत माथ्यावरचं काम उरकून येतात, ही चौदा महिने उतारावरच, आमच्या वाटाड्याच्या घराशेजारच्या खोलीत राहिली. का म्हणून विचारलं तर म्हणाली होती, "मला शिकवायला तास नाहीत मॅडम. मग खाली येऊन करू काय?"

आज तिच्या हातात जाड पाकीट. मी म्हटलं, ठेव, सुनावणी झाली की वाचते. तर म्हणे, "आधी वाचलंत तर बरं होईल. निदान तिसरं आणि पाचवं प्रकरण." मी तिला भाषणाचा आरंभ ऐकवला. 'छान आहे' म्हणाली आणि गेली. पोरीला उत्साह म्हणून नाही.

१९ जुलै

तिसरं प्रकरण वाचलं.

२० जुलै

आज तिला प्रयोगशाळेत गाठलं आणि दार लावून घेतलं.

"हे काय लिहिलंयस?"

"जे दिसलं ते."

"दोन्ही बेडूक एकच?"

"एकच, मॅडम. डीएनएत फरक नाही. मी तीनदा तपासला. मग दुसऱ्या प्रयोगशाळेतही पाठवला."

"आणि मांड्यांचा रंग? आवाज? माझ्याकडे सत्तावीस वर्षांच्या नोंदी आहेत."

तिनं टेबलावर एक तक्ता पसरला. वरच्या ओळीत बारा महिने. बोट ठेवून सांगत गेली. केशरी रंग फक्त नरांना, तोही फक्त विणीच्या काळात. माथ्यावर एप्रिल-मेमध्ये धुकं उतरतं, तेव्हा वरचे विणीला येतात. खालचे नदी भरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तेव्हा खाली सगळा काठ केशरी असतो आणि माथ्यावरचे सगळे तपकिरी, मुके.

"मी हे कधीच पाहिलं नाही," मी म्हटलं.

"तुम्ही सुट्टीत येत होतात, मॅडम."

हे तिनं टोमण्यानं म्हटलं नाही. टोमणा असता तर माझ्याकडे उत्तर होतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"मागच्या नोव्हेंबरपासून."

"आठ महिने मिठाची गुळणी धरून बसलीस?"

"तीनदा आले होते," ती म्हणाली. "तुम्ही बोलत होतात."

२२ जुलै

सत्तावीस वह्या जमिनीवर पसरल्या. कुठल्याच वहीत वीस एप्रिलच्या आधीची तारीख नाही आणि एकतीस मेच्या पुढची नाही. जूनपासून प्रवेश, हजेरीपट, तास, पेपर. शिकवून उरलेल्या वेळात मी जंगल पाहिलं. माझ्या सरांनी तसंच पाहिलं होतं, माझ्या विद्यार्थ्यांनी तसंच पाहिलं. अख्ख्या विभागाचं जंगल सुट्टीतलं. लग्नघरी पाहिलेली माणसं रोज तशीच नटून असतात असं समजणाऱ्याला आपण खुळा म्हणू. आम्ही त्याला संशोधन म्हटलं, आणि मी तर त्यावर सिद्धांत उभारला.

पहिल्याच वहीत, नवव्या दिवशी, माझ्या अक्षरात एक ओळ आहे: 'वाटाड्या म्हणतो दोन्ही एकच आहेत. हसला. (स्थानिक समजूत.)'

त्याला फोन लावला. त्याचं घर उताराच्या मध्यावर आहे, माझ्यासारख्या सगळ्यांना वर न्यायचं काम तोच करत आला. आता सत्तरीला टेकलाय.

"मी तेव्हा बोललो होतो की तुम्हाला, बाई."

"मग पुन्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही दोन म्हणालात. शिकलेलं माणूस दोन म्हणतंय तर असतील दोन. पुढे कळलं की दोन आहेत म्हणूनच डोंगर जागेवर आहे. मग मी कशाला तोंड उघडू?" मग म्हणाला, "पोरगी जेवते ना नीट? इथे कामात असली की विसरायची."

मी म्हटलं, जेवत असेल. मला काय माहीत.

२७ जुलै

वकिलांकडे गेलो, मी आणि गोगलगाय. हे वकील जंगलाच्या बाजूचे, फी न घेता लढतात. बारीक माणूस, टेबलावर फायलींचा असा ढीग की बोलताना मधूनच त्याच्याआड मावळतात. मी सगळं सांगितलं.

"विचारलं तेवढंच सांगायचं," ते म्हणाले. "या बेडकाचं वर्णन तुम्ही केलंत का? हो. ते प्रसिद्ध झालंय का? हो. नमस्कार करायचा, खाली बसायचं."

"हे खोटं बोलणं झालं."

"हे गप्प बसणं झालं. दोन्हींत बरंच अंतर आहे, मॅडम. माझं अर्धं आयुष्य त्या अंतरातच गेलंय."

गोगलगाय मध्ये बोलली. तिला मध्ये बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "सुनावणीला मुदत मिळेल का? तीन आठवडे. दहा सप्टेंबरपर्यंत माझे काही निकाल यायचेत."

"शास्त्रीय कारण असेल तर मिळते. दहा ऑगस्टच्या आत अर्ज हवा, तज्ज्ञांच्या सहीचा. म्हणजे यांच्या."

जिन्यात मी तिला थांबवलं. सांगितलं की आजच्या सत्यासाठी सप्टेंबरची तारीख मागणं म्हणजे पळ काढणं, आणि पळणाऱ्यांना मी माझ्या प्रयोगशाळेत वाढवलं नाही. बरंच बोलले. जिन्यातून जाणारे दोघेतिघे थांबून ऐकत होते.

"मॅडम, पाचवं प्रकरण वाचा," ती म्हणाली.

"तिसऱ्यानंच माझी वाट लावलीय. पाचव्याची घाई नाही."

विनोद होता. ती हसली नाही.

४ ऑगस्ट

सकाळपासून खिडकीशी बसून आहे. सरळ लिहिते.

गप्प बसले तर माथा वाचतो. पण मग पोरीचा प्रबंध कपाटात कोंडावा लागेल, आज सुनावणीसाठी, उद्या अपिलासाठी, आणि डिसेंबरात तिची फेलोशिप संपते. बोलले तर माथा जातो. ती झाडं, ते धुकं, आणि जे आम्ही अजून मोजलंही नाही ते सगळं. आणि मी जाते. पाठ्यपुस्तकातलं अर्धं पान पुढच्या आवृत्तीत 'एक प्रसिद्ध चूक' म्हणून छापतील. तेही छापतील की नाही कोण जाणे.

तीस वर्षं मी पोरांना सांगत आले की पुराव्यापुढे गुरू आला तर गुरूला बाजूला करा. एका वर्षी पोरांनी ते वाक्य रंगवून वर्गाबाहेर लावलं होतं. आता पुरावा आला आहे आणि वाटेत मी उभी आहे. पाय हलत नाहीत. इकडे आड आणि तिकडे विहीर ही म्हण वापरणाऱ्यांना मी आळशी म्हणायचे, दोन्हींतून पाणी काढता येतं असं सुनवायचे. आज दोन्हींत तळ दिसत नाही.

ताई शब्दकोडं सोडवत होती. मी म्हटलं, "मी खरं बोलणार आहे."

"बरं."

"सगळं जाईल."

"मग त्या पोरीला विचार, तिचं काय म्हणणं आहे. तिचंच आहे ना ते?"

"तिला भीती वाटते. तिला मुदत हवी."

ताईनं चष्मा वर केला. "तुला खरं बोलायचंय, की खरं बोलताना दिसायचंय?"

परिचारिकांना जखम नेमकी कुठे आहे ते कळतं. म्हणून त्या बरोबर तिथेच दाबतात. मी उठून आत गेले.

९ ऑगस्ट

गोगलगाय अर्ज टाइप करून घेऊन आली. फक्त सही बाकी. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'प्रकरण पाच पाहावे.' मी सही केली नाही. तिला म्हटलं, भिऊ नकोस, माझ्या चुकीचं ओझं मी एकटी उचलेन. ती अर्ज घडी घालत बसली. चार घड्या घातल्या, पुन्हा उलगडला, पुन्हा घातल्या. तिचे डोळे भरून आले होते. माझ्याबद्दल एवढं वाटत असेल, हे मला कधी कळलं नव्हतं.

२० ऑगस्ट

झालं.

लांबट खोली, एका बाजूला समितीचे पाच जण, समोर पाण्याच्या बाटल्या. अध्यक्षांनी सांगितलं, सात मिनिटं. मी लिहून आणलेलं भाषण चाळीस मिनिटांचं होतं. मी कागद पालथे घातले आणि म्हणाले, "सत्तावीस वर्षांपूर्वी मी चूक केली. तो बेडूक वेगळा नाही."

लिहून घेणाऱ्या कारकुनानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी सुट्टीचं सांगितलं, तक्त्याचं सांगितलं, माझ्या विद्यार्थिनीनं हे शोधलं असंही सांगितलं. वकील फायलीआड मावळले ते उगवलेच नाहीत. आवाज कापला नाही. मनात लख्ख होतं. खरं सांगायचं तर बोलता बोलता मला वाटलं, हे माझं सगळ्यात चांगलं भाषण.

अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे तुमची हरकत राहिली नाही?"

"हरकत आहे. माथ्यावर दीडशेच्या वर प्रकारचे प्राणी आहेत."

"त्यांतला फक्त तिथेच सापडणारा कुठला?"

"ते आम्हाला माहीत नाही. बाकीच्या दहा महिन्यांत कुणी बघितलेलंच नाही."

"माहीत नाही," ते कारकुनाला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, फार अदबीनं, "एवढा प्रामाणिकपणा हल्ली दुर्मीळ आहे, मॅडम. पुढचे."

सात मिनिटांतली साडेतीन उरली होती.

गोगलगाय मागच्या बाकावर होती. बाहेर आले तर दिसली नाही. गर्दी असावी.

२१ ऑगस्ट

ती प्रयोगशाळेत बरण्या पुसत होती. मी म्हटलं, "काल न भेटता गेलीस."

"पाचवं प्रकरण वाचलंत का, मॅडम?"

"अजून नाही."

"अच्छा," ती म्हणाली, आणि पुढची बरणी घेतली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२२ ऑगस्ट

सतरा पानं आहेत. पुन्हा पुन्हा वाचली.

देवगांडूळ. दिसायला गांडूळ, पण पाठीला कणा असलेलं, बेडकांच्याच गोतातलं. वर्षभर जमिनीत खोल राहतं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माथ्यावर पालापाचोळ्याखाली येतं. सुट्टीत वर चढणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही. तिला तीन मिळाली, वाटाड्यानं दाखवली. खालच्या उतारावर शोधलं, शेजारच्या चार डोंगरांवर शोधलं, कुठेच नाही. डोक्याची ठेवण कुठल्याच ज्ञात जातीशी जुळत नाही. शेवटच्या पानावर एक ओळ: 'तुलनात्मक तपासणीचा निकाल दहा सप्टेंबरच्या सुमारास अपेक्षित. तो अनुकूल आल्यास माथ्याचे संरक्षण बेडकावर अवलंबून राहणार नाही.'

तिनं एक आधार काढताना दुसरा तयार ठेवला होता. मला फक्त सही करायची होती.

२४ ऑगस्ट

वकील म्हणाले, "हे आधी असतं तर," आणि वाक्य तिथेच सोडलं. फायलीआड गेले नाहीत. सरळ बघत राहिले. ते जास्त वाईट.

१ सप्टेंबर

समितीच्या कार्यालयात. काउंटरवरच्या कारकुनाला पाचवं प्रकरण दिलं. त्यानं पहिलं पान बघितलं, पावती देता येत नाही म्हणाला. नोंदवही बंद झाली आहे. अध्यक्षांना भेटू द्या म्हटलं. ते दौऱ्यावर. कधी येतील? "सांगता येत नाही, मावशी."

त्यानं मला सुनावणीचा वृत्तांत दाखवला. माझ्यापुढे एक ओळ: 'तज्ज्ञांनी सदर प्रजाती वेगळी नसल्याचे स्वतःहून मान्य केले, अन्य प्रजातींबाबत माहिती नाही.' एकही शब्द खोटा नाही. त्यावर भांडायचं तरी कसं?

मी बोलायला लागले. दुसऱ्या काउंटरवरची माणसं वळून बघू लागली. कारकून शांतपणे माझं बोलणं संपायची वाट बघत राहिला, पावसात अडकलेला माणूस आडोशाला थांबतो तसा. मग म्हणाला, "पुढचे."

१० सप्टेंबर

निकाल आला. वेगळी जात. निःसंशय.

खाणीच्या आदेशावर सही झाली ती आठ तारखेला.

वकील वरच्या न्यायालयात जाणार आहेत. तारीख मिळाली आहे, जानेवारीची. तोवर काम थांबवा म्हणून केलेला अर्ज आजच फेटाळला गेला.

१३ सप्टेंबर

ताईला सगळं सांगितलं. टोमण्याची वाट बघत बसले होते. तिनं शब्दकोडं बाजूला ठेवलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आई गेली तेव्हा असा फिरवला होता. म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय.

२८ सप्टेंबर

परवा निवृत्त. विभागाचा निरोप समारंभ मी नको म्हटला.

आज माथ्यावर गेले. गोगलगाय जाणार होती, मी विचारलं, येऊ का. ती म्हणाली, "या." हल्ली ती थोडकंच बोलते, प्रबंधाचा शेवटचा टप्पा, थकली असेल. सप्टेंबरात मी हा उतार कधी चढले नव्हते. नदीकाठ खरंच केशरी होता. शेकडो नर, एवढा गलका की आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. माझ्याच मांडणीचे तुकडे पायाशी उड्या मारत होते आणि मला ते सुंदर वाटले, याची नोंद करते.

वर शांत. मी विचारलं, आता कुठे शोधायचं, आणि ही जात इथेच कशी वेगळी झाली असेल त्याबद्दल मला एक विचार सुचला होता तो सांगू लागले. वाटाड्यानं हात वर केला. "बाई, जरा गप्प. ते पावलांच्या हादऱ्यानंसुद्धा खाली जातं."

गप्प बसले. दोन तास. एका कुजलेल्या ओंडक्याशेजारी पोरीनं हातानं पानं सारली, एकेक, पुस्तकाची पानं उलटावीत तशी. वाटाड्या नुसता बघत होता. मग तिनं मानेनं मला जवळ बोलावलं.

वीतभर लांब, जांभळट करडं, ओलं. मी हात ओले केले, तिनं ते माझ्या तळव्यावर ठेवलं. ते माझ्या दोन बोटांमध्ये डोकं खुपसत होतं, माती शोधत.

"बाटलीत घ्यायचं?" मी हळूच विचारलं.

"तीन आहेत माझ्याकडे. वर्णनाला पुरतील."

"मग दुसऱ्या डोंगरावर नेऊन सोडू. हवी तेवढी नेऊ."

"दुसरीकडे जगत असतं, तर दुसरीकडे सापडलं असतं, मॅडम."

मागे पानं वाजली. तिघे जण आले, खांद्यावर तिपाई, हातात लाल रंगाचा डबा. वाटेतल्या झाडांवर खुणा करतच आले होते. त्यांतला एक इंजिनिअर, पंचविशीचा, टोपी काढून म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का? तुम्ही रेषेत बसलायत."

गोगलगायीनं माझ्याकडे बघितलं. वाटाड्यानंही. चाळीस वर्षं मी बोलत आले, कुणी न विचारता, कुठेही, कुणाहीपुढे. मी तोंड उघडलं. या मुलाला काय सांगायचं? त्याच्या खिशात सही झालेला कागद होता, आणि त्या कागदात माझंच वाक्य होतं.

मी तळव्यावरचं देवगांडूळ जिथे मिळालं तिथेच ठेवलं. ते लगेच मातीत शिरलं. पोरीनं त्यावर पानं ओढली. गुडघ्यांमुळे मला उठता येईना, तर त्या इंजिनिअरनंच हात दिला. आम्ही तिघं बाजूला झालो.

"थँक्यू," तो म्हणाला. चांगल्या घरचा असावा.